जुन्या सहा सिलिंडर इंजिनला सेकंडहँड टर्बो बसवायचाय, टर्बो चांगला आहे का कसं ओळखू आणि आधी काय करू?

सरळसहा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. माझ्याकडे १९८६ ची बीएमडब्ल्यू ३२५आय आहे, ई३० बॉडी, इंजिन एम२०बी२५, म्हणजे एका ओळीत सहा सिलिंडर, २४९४ सीसी, १२ व्हॉल्व्ह. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेलं मॉडेल आहे त्यामुळे कॉम्प्रेशन रेशो ९.७. नवी असताना १७१ हॉर्सपॉवर होती, आता किती उरलीय देव जाणे पण गाडी छान पळते, इंजिन कधी उघडलेलं नाही, ऑइल खात नाही, गरम होत नाही.

आता एका भंगारात निघालेल्या दोन लिटर चार सिलिंडर पेट्रोल गाडीचा गॅरेट टी३ टर्बो हाताला लागलाय. टर्बाइन हाउसिंगवर ०.४८ (आतल्या एक्झॉस्टच्या वाटेचा मोठेपणा सांगणारा आकडा) कोरलेलं आहे, वेस्टगेट, म्हणजे जादा गॅस चाकाला वळसा घालून सोडणारी झडप, आतलंच आहे, मधल्या भागाला पाण्याचे पाइप पण आहेत. शाफ्ट हाताने धरून हलवला तर वरखाली थोडा हलतो आणि त्यानेच जीव घाबरा झालाय. हा टर्बो गेलेला समजायचा का?

मला फार काही नकोय, ०.५ बार बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचं जादा प्रेशर) आणि २३०-२४० हॉर्सपॉवर झाली तरी मी खूष. सिलिंडरांचा एक्झॉस्ट टर्बोपर्यंत नेणारा मॅनिफोल्ड जाड पाइपचा स्वतः वेल्डिंग करून बनवणार आहे, ते काम मला येतं. ओळखीतल्या एकाचं म्हणणं असं की कंपनीचा कॉम्प्युटर तसाच ठेव, फक्त बूस्टबरोबर पेट्रोलचं प्रेशर वाढवणारा एक रेग्युलेटर लाव, झालं काम. खरंच एवढ्यावर भागतं का?

फिरकी

टर्बो खोलणं आणि पुन्हा बांधणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे टर्बोपुरतं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

पहिली गोष्ट, घाबरू नकोस. टी३ ला साधं बुश बेअरिंग असतं आणि ते ऑइलच्या पातळ थरावर तरंगतं, थंड आणि कोरडा असताना शाफ्ट वरखाली थोडा हलणारच, हलायलाच पाहिजे. बघायचं ते दुसरं. शाफ्ट आतबाहेर, म्हणजे लांबीच्या दिशेने ढकलून ओढून बघ. तिथे बोटाला जाणवण्याइतका प्ले असेल तर थ्रस्ट बेअरिंग गेलेलं असतं. अंदाजाने बोलू नकोस, डायल गेज लावून माप घे, लांबीच्या दिशेने साधारण ०.१ मिमीच्या आत यायला हवं. मग शाफ्ट एका बाजूला दाबून धर आणि तसाच दाबलेला ठेवून हळूहळू फिरव, दोन्ही चाकांची पाती हाउसिंगला कुठेही घासता कामा नयेत. घासल्याची चकाकणारी रेघ हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर दिसली तर तो टर्बो बांधल्याशिवाय लावायचाच नाही.

नंतर टॉर्च घे आणि पाती एकेक करून बघ. कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा खरबरीत झाल्या असतील तर आधीच्या मालकाने फाटक्या एअर फिल्टरवर गाडी चालवलीय, अशा टर्बोचं बॅलन्स गेलेलं असतं. टर्बाइनच्या पात्याला टवका असेल तर आणखी वाईट, कारण त्याचा अर्थ जुन्या इंजिनमधून काहीतरी तुटून गेलंय. हा टर्बो लाखाच्या वर आरपीएमने फिरतो, एवढासा टवकाही तिथे हातोड्यासारखं काम करतो.

ऑइल बाहेर जायचं भोक आहे ना खाली मोठं, त्यात बोट घालून बघ. काळा खडबडीत थर लागला म्हणजे गाडी पळवून लगेच बंद करायची सवय होती, आत ऑइल जळून कोळसा झालंय. हा कोळसा सुटला की तुझं नवं बेअरिंग पण खातो. टर्बाइन हाउसिंग काढ आणि वेस्टगेटच्या भोकाभोवती तडे आहेत का बघ, जुन्या टी३ मध्ये दोन भोकांच्या मधल्या भिंतीला केसासारखे तडे खूपदा असतात, बारीक असतील तर चालतात पण सीटपर्यंत गेलेले नकोत.

आणि खोलताना एक लक्षात ठेव, कॉम्प्रेसरच्या टोकाच्या नटाला बऱ्याचदा उलटे आटे असतात. खोलायच्या आधी नट, चाक आणि शाफ्ट तिघांवर एका रेषेत खूण कर, बॅलन्स त्याच जागेवर केलेलं असतं. पण मधला भाग खोललाच तर बांधल्यावर बॅलन्स मशीनवर तपासूनच लाव, नुसती खूण जुळवून भागत नाही.

ऑइलच्या परतीच्या पाइपबद्दल वेगळं सांगतो कारण माझ्याकडे "नवा बांधलेला टर्बो धूर मारतो" म्हणून जेवढे टर्बो परत येतात त्यातल्या निम्म्याहून जास्त टर्बोंमध्ये काहीही दोष नसतो. टर्बोमध्ये ऑइल प्रेशरने येतं पण बाहेर पडताना प्रेशर नसतं, फेसाळलेलं ऑइल नुसतं स्वतःच्या वजनाने खाली पडतं. म्हणून परतीचा पाइप आतून १९ मिमीच्या आसपास हवा, सतत उतार हवा, कुठेही मान मुरगळलेली नको, आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, तो ऑइलच्या लेव्हलच्या वर उघडला पाहिजे. लेव्हलच्या खाली उघडला की ऑइल तुंबतं आणि टर्बोच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडतं, कारण तिथे रबरी सील नसतात, पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात, त्या तुंबलेलं ऑइल अडवूच शकत नाहीत. चेंबर उतरवून भोक पाडून वेल्ड कर, इंजिनवर असतानाच ड्रिल मारायच्या भानगडीत पडू नकोस, आत पडलेला कीस सहज निघत नाही.

नवव्याने_शहाणा

दादा, तो रेग्युलेटरचा सल्ला वाचला आणि राहवलं नाही, मी नेमकं तेच करून बसलोय म्हणून मनापासून सांगतो.

माझंही सहा सिलिंडरचं जुनं इंजिन, साधारण तुझ्यासारखंच, हवा मोजायला पाखं असलेला एअरफ्लो मीटर, कॉम्प्युटर कंपनीचा. बूस्टबरोबर पेट्रोल प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर लावला, बूस्ट ०.४ बार ठेवला, पहिले दोन महिने अक्षरशः हवेत होतो. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर लावला नव्हता, वाटायचं प्लग बघून कळेल. एके दिवशी लांब चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबून ठेवला होता, ५५०० च्या आसपास गाडीने हलका आचका दिला, एवढाच. आवाज नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निळा धूर.

आता माझी चूक ऐक. धूर दिसला म्हणून मी टर्बोला दोष दिला. टर्बो उतरवला, बांधून घेतला, परत लावला, धूर तसाच. मग दुसरा टर्बो आणून लावला, तरी धूर तसाच. सात आठवडे त्यात घालवल्यावर कुणीतरी म्हणालं लीकडाउन टेस्ट तरी कर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून कुठून गळते ते बघ, केली, तर पाचव्या सिलिंडरची हवा सगळी ऑइल भरायच्या तोंडातून सूं करत बाहेर. हेड खोललं तर पिस्टनच्या दोन रिंगांमधली भिंत तुटलेली. त्या एका आचक्यात नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकणं, झालं होतं.

कारण नंतर सापडलं. रेग्युलेटर प्रेशर वाढवायला बघत होता पण माझा जुना पंप त्या प्रेशरला पुरेसं पेट्रोल ढकलूच शकत नव्हता. पंपाचं असं असतं की समोर प्रेशर वाढलं की तो देत असलेलं पेट्रोल कमी होतं, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त पेट्रोल हवं तिथेच सगळ्यात कमी मिळालं. आणि एअरफ्लो मीटरचं पाखं तर कधीच पूर्ण उघडून बसलेलं, त्याच्या पुढे हवा किती वाढतेय हे कॉम्प्युटरला कळायला मार्गच नव्हता. इग्निशनचा टायमिंग बूस्ट नसल्यासारखाच पुढे. टर्बो बिचारा शेवटपर्यंत ठणठणीत होता.

नकाशेवाला

वरचे दोघं अगदी बरोबर बोललेत. मी इंजिन ट्यूनिंग करतो, तर आकड्यांतून सांगायचा प्रयत्न करतो, थोडं लांब होईल.

तुझं २.५ लिटर इंजिन ६००० आरपीएमला ८५ टक्के भरतं असं धरलं तर बूस्टशिवाय मिनिटाला साधारण १७ पौंड हवा ओढतं. कॉम्प्रेसर मॅप पौंडात छापलेले असतात म्हणून पौंडात सांगतोय. ०.५ बार बूस्ट म्हणजे प्रेशर रेशो १.५, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) चांगला असेल तर हवेची घनता साधारण १.४ पट, म्हणजे २४ पौंड. एका पौंडामागे ढोबळ १० हॉर्सपॉवर धरतात, म्हणजे तुझे २४० बरोबर बसतात. ह्यात इंटरकूलर पर्यायी नाहीये हे नीट लक्षात घे. ३० अंशांची हवा १.५ रेशोला दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ती जवळजवळ ८७ अंशांवर बाहेर येते. ९.७ कॉम्प्रेशनच्या इंजिनात ८७ अंशांची हवा घालणं म्हणजे नॉकिंगला आमंत्रण.

पेट्रोलचा हिशोब असा. टर्बो इंजिनला एका हॉर्सपॉवरमागे तासाला ०.६ पौंड पेट्रोल धरायचं, २४० ला १४४ पौंड, म्हणजे साधारण ६५ किलो, म्हणजे ८७ लिटर. मिनिटाला जवळपास दीड लिटर. हे दीड लिटर तुझ्या पंपाने ३.५ बारला द्यायला हवं, कारण रेलमधलं प्रेशर ३ बार असेल आणि बूस्ट ०.५ असेल तर रेग्युलेटरने बूस्टएवढंच प्रेशर वाढवायचं असतं, त्याहून जास्त नाही. पंपावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नकोस, गेज लावून ३.५ बारला कॅनमध्ये एक मिनिट पेट्रोल काढ आणि मोज. मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना, आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवून. इंजेक्टर सहा, ८५ टक्क्यांच्या वर उघडे ठेवायचे नाहीत, म्हणजे एकेक किमान ३०० सीसी प्रतिमिनिट, मी असतो तर ३६० च्या आसपासचे घेतले असते.

कॉम्प्युटरचं विचारशील तर प्रोग्राम करता येणारा लाव, मेगास्क्वर्ट किंवा तसला कुठलाही, ज्याला इनटेक मॅनिफोल्डमधलं प्रेशर कळतं आणि जो पेट्रोल आणि इग्निशन दोन्ही सांभाळतो. पाख्याचा मीटर काढून टाक. बूस्टमध्ये एअर-फ्युएल रेशो ११.५ ते १२ च्या मध्ये, आणि टायमिंग सुरुवातीला प्रत्येक १ पीएसआय (साधारण ०.०७ बार) बूस्टला १ अंश मागे, हा फक्त सुरुवात करायचा आकडा आहे, शेवटचा नाही. वाइडबँड सेन्सर पहिल्या दिवसापासून.

आता तुझ्या टर्बोबद्दल एक गोष्ट जी अजून कुणी बोललं नाही आणि जी मला सगळ्यात जास्त टोचतेय. ०.४८ चं हाउसिंग दोन लिटरच्या इंजिनासाठी होतं. तुझ्या अडीच लिटरवर टर्बो २५०० आरपीएमपासूनच मस्त बूस्ट देईल, चालवायला भारी वाटेल, पण वर ५००० नंतर एक्झॉस्टला बाहेर पडायला जागा कमी पडेल. आणि आतल्या वेस्टगेटचं भोक छोटं. ते पूर्ण उघडलं तरी जादा गॅस त्यातून जात नाही, मग तो चाकातूनच जातो आणि बूस्ट आपोआप चढत राहतो. ह्याला बूस्ट क्रीप म्हणतात. तू वेस्टगेटची स्प्रिंग ०.५ ची लावशील आणि ६००० ला गेजवर ०.८ दिसेल, आणि ९.७ कॉम्प्रेशनला ०.८ म्हणजे हेड गॅस्केट किंवा पिस्टन. मोकळा एक्झॉस्ट लावलास तर क्रीप आणखी वाढतो, लोकांना हे उलटं वाटतं पण टर्बोच्या मागचा अडथळा कमी झाला की चाक जास्त जोर घेतं.

उपाय दोन, एक म्हणजे टी३ चंच ०.६३ चं हाउसिंग शोध, चाक तेच बसतंय का बघून. आणि तू मॅनिफोल्ड स्वतः बनवतोयस, तर त्यावरच बाहेरचं वेस्टगेट लावायची सोय कर, सगळ्या सहा पाइपांचा गॅस जिथे एकत्र येतो तिथून, एका पाइपाच्या कोपऱ्यातून नाही. मला विचारशील तर दोन्ही कर.

जाडगॅस्केट

कॉम्प्रेशन खाली आणायचं असेल तर जाड हेड गॅस्केट लाव ना, सोपं पडतं. बीएमडब्ल्यूने स्वतः ७४५आय काढली तेव्हा ३.२ लिटरला ७.० रेशो ठेवला होता आणि ०.६ बार बूस्ट, नंतर ३.४ लिटरचं आलं तेव्हा ८.० आणि ०.४ बार. टोयोटाचं पण बघ, २जेझेड बिनटर्बो १० आणि टर्बोवालं ८.५. कंपन्या उगाच करत नाहीत.

नकाशेवाला

@जाडगॅस्केट आकडे बरोबर आहेत पण त्यांनी रेशो पिस्टन बदलून खाली आणला, गॅस्केट जाड करून नाही. पिस्टन वर आल्यावर त्याची सपाट कड आणि हेड ह्यांच्यात जी बारीक फट राहते त्यातून मिश्रण जोरात मध्ये ढकललं जातं, लवकर जळतं. गॅस्केट जाड केलं की ती फट वाढते, हा परिणाम जातो, आणि मग रेशो कमी होऊनही नॉकिंग हवं तेवढं कमी होत नाही. शिवाय ह्या इंजिनला टायमिंग बेल्ट आहे, हेड वर उचललं की कॅमचं टायमिंगही थोडं सरकतं. एम२०बी२५ चंच कॅटॅलिटिकवालं व्हर्जन ८.८ रेशोचं होतं, हेड खोलायची वेळ आलीच तर त्याचे पिस्टन शोधणं जास्त चांगलं. नाहीतर ९.७ वरच ०.४ बार, चांगला इंटरकूलर, चांगलं पेट्रोल आणि सावध टायमिंग, ह्यावर गाडी नीट चालते, मी चालवलेल्या आहेत.

टॅपेट

सगळे टर्बोकडेच बघतायत. दादा, इंजिन कधी उघडलेलं नाही म्हणतोस ते कौतुक आहे की काळजी हे मोजल्यावरच कळणार. सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोज, इंजिन गरम, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, पेट्रोल आणि इग्निशन बंद करून. आकडे इथे टाक. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यात १० टक्क्यांच्या वर फरक असेल तर टर्बो आधी कपाटात.

सरळसहा

इतकं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. रविवारी दिवसभर बसलो आणि सांगितलेलं सगळं मोजलं.

टर्बो: लांबीच्या दिशेने ०.०६ मिमी, पाती कुठेही घासत नाहीत, कडा स्वच्छ, परतीच्या भोकात काळा डाग आहे पण नखाने खरवडून काही निघालं नाही. वेस्टगेटच्या भोकाजवळ एक बारीक तडा आहे, सीटपासून लांब.

पंप: ३.५ बारला मिनिटाला १.१ लिटर. @नवव्याने_शहाणा, हा आकडा बघितल्यावर तुमचीच आठवण आली.

कॉम्प्रेशन बारमध्ये, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत: ११.६, ११.४, ११.५, ११.२, ११.५ आणि ९.३. सहावा बघून पोटात गोळा आला. गाडी चालवताना काहीच जाणवत नाही हो. रिंगा गेल्या असतील का?

फिरकी

टर्बो लावण्यासारखा आहे. फक्त लावताना फीड पाइप नवा घे, जुना साफ करून वापरू नकोस, आणि पहिल्यांदा स्टार्ट करायच्या आधी फीडच्या भोकात ऑइल ओतून चाक हाताने फिरव, मग इग्निशन आणि पेट्रोल तोडून नुसता स्टार्टर मार, परतीच्या पाइपातून ऑइल यायला लागेपर्यंत. पाण्याचे पाइप आहेत तर ते जोडच, गाडी बंद केल्यावर मधला भाग थंड ठेवायचं काम तेच करतात.

टॅपेट

सहाव्यात रिंगा गेल्यात असं लगेच धरू नकोस. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाक, स्टार्टर मारून परत मोज. आकडा वर आला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मग पिस्टन वर आणून हवा भर आणि कान दे. ऑइलच्या तोंडातून आवाज आला तर रिंग, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. आणि ह्या इंजिनला टॅपेट हाताने सेट करावे लागतात, थंड असताना ०.२५ मिमी, शेवटचे कधी केलेस?

सरळसहा

मी गाडी घेतल्यापासून एकदाही नाही. सहा वर्षं झाली.

ऑइल टाकून मोजलं, ९.४, म्हणजे फरक नाही. हवा भरली तर सायलेन्सरच्या तोंडाशी स्पष्ट सूं आवाज. मग व्हॉल्व्ह कव्हर उघडलं, सहाव्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये ०.१० ची फिलर गेज पण जाईना. बाकीचे अकरा ०.२० ते ०.३० मध्ये होते. बाराही ०.२५ ला सेट केले, दोन दिवस गाडी चालवली, परत मोजलं तर सहावा १०.७.

टॅपेट

व्हॉल्व्ह गरम असताना पूर्ण बसत नव्हता, म्हणून गळत होता. १०.७ म्हणजे सीट थोडी जळलीय पण रिंगा चांगल्या आहेत. टर्बोने एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर उष्णता खूप वाढते, तर हेड एकदा उतरवून ते व्हॉल्व्ह आणि सीट नीट करून घे, त्याच वेळी हेड बोल्ट नवे टॉर्क्सवाले, गॅस्केट नवं, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर नवा. हेड उतरलंच आहे तर पिस्टन वरून बघता येतील, ८.८ चे टाकायचे की नाही ते तेव्हा ठरव.

नकाशेवाला

आणि माझं ऐकशील तर हेड परत बसलं की टर्बो लावायचा नाही. आधी कॉम्प्युटर, पंप, इंजेक्टर आणि वाइडबँड लाव आणि गाडी बिनटर्बोच चालव. आयडल, थंड स्टार्ट, हळू चालताना, सगळं तिथे नीट बसव. वायरिंगच्या चुका, सेन्सरच्या चुका सगळ्या तेव्हाच बाहेर येतात आणि बूस्ट नसताना त्या चुका इंजिन सहन करतं. महिनाभर बिनतक्रार चालली की मग मॅनिफोल्ड आणि टर्बो, तेही पहिल्यांदा स्प्रिंगच्या सगळ्यात कमी बूस्टवर, लॉग बघत. एकाच वेळी सगळं बदललं की काही बिघडलं तर कशामुळे ते शोधायला जागाच उरत नाही.

सरळसहा

पटलं. टर्बोची सगळी तोंडं टेप लावून बंद केली आणि डब्यात ठेवलाय. ह्या आठवड्यात हेड उतरवतोय. नकाशेवाला, एकच विचारतो, पाख्याचा मीटर काढल्यावर हवेचं तापमान मोजणारा सेन्सर कुठे लावू? आत्ता त्या मीटरमध्येच आहे तो.

नकाशेवाला

इंटरकूलरच्या नंतर, थ्रॉटलच्या आधीच्या पाइपात, उघड्या टोकाचा सेन्सर घे म्हणजे लवकर प्रतिसाद देतो. इनटेक मॅनिफोल्डच्या धातूत लावू नकोस, तो इंजिनच्या उष्णतेने तापतो आणि खोटं तापमान सांगतो. पाइपला आत्ताच त्याचं बूच वेल्ड करून ठेव, नंतर सगळं बसवल्यावर तिथे हात पोचत नाही. हेड उतरलं की पिस्टनचे फोटो टाक.